अठरा सेकंद गुडघ्यांवर

14 फेब्रुवारी 1984 ची रात्र. सारायेव्होतल्या झेत्रा स्टेडियममध्ये हिवाळी ऑलिंपिकच्या आइस डान्सची शेवटची फेरी चालू आहे. जांभळ्या कपड्यांतली एक जोडी बर्फावर येते आणि चक्क गुडघे टेकून समोरासमोर बसते. ड्रमचा बारीक ठेका सुरू होतो. दोघांची शरीरं कमरेपासून वर डोलायला लागतात, हात एकमेकांभोवती फिरतात, माना वळतात. पायांतले स्केट्स मात्र मागे नुसते पडून आहेत. स्केटिंगच्या जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा, आणि पहिली अठरा सेकंद कुणी स्केटिंगच करत नाही.

ही जोडी म्हणजे इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचे जेन टॉर्विल आणि क्रिस्टोफर डीन. संगीत मॉरिस रॅव्हेलचं ‘बोलेरो’. फिगर स्केटिंगमधल्या उत्तम कोरिओग्राफीचा विषय निघाला की चार माणसांपैकी तीन तरी हेच नाव घेतात. इतक्या वेळा घेतलं गेलंय की त्याचा थोडा कंटाळाच यावा. तरी मी याच एका कार्यक्रमाबद्दल लिहितोय. कारण त्याची नेहमी सांगितली जाणारी गोष्ट (प्रेमी युगुल, विरह, ज्वालामुखी, गुणांचा पाऊस) मला अर्धवट वाटते. ती अठरा सेकंदं प्रेमातून आलेली नाहीत. ती हिशोबातून आलीत.

आधी माझं स्वतःचं सांगून टाकतो. मी स्केटिंगमधला नाही. बर्फावर उभा केलात तर दोन मिनिटांत आडवा होईन. मी तबला वाजवतो आणि बरीच वर्षं कथकच्या क्लासला साथ करतोय. त्यामुळे नाच ‘बसवणं’ ही काय भानगड असते ते रोज डोळ्यांसमोर बघतो. आपल्याकडचा हा शब्द मला कोरिओग्राफीपेक्षा नेमका वाटतो. नाच सुचतो वेगळा आणि बसतो वेगळा. जागा ठरलेली, वेळ ठरलेला, माणसं ठरलेली, आणि त्यात सुचलेलं सगळं बसवायचं. ‘बोलेरो’ हे असं बसवण्याचं प्रकरण आहे.

जोडी कुठून आली

टॉर्विल विम्याच्या ऑफिसात कारकून, डीन पोलिसात. सराव पहाटे नाहीतर रात्री, रिंक मोकळं मिळेल तेव्हा. 1980 च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये दोघं पाचवे आले. त्यानंतर नोकऱ्या सोडल्या. नॉटिंगहॅमच्या नगरपालिकेने 1984 पर्यंतच्या तयारीसाठी मिळून 42,000 पौंड दिले. एखाद्या शहराने आपल्या दोन माणसांना नाचण्यासाठी पगार द्यावा, हे मला पदकापेक्षाही आवडलेलं आहे. प्रशिक्षक बेटी कॅलवे. हंगेरीची 1980 ची विश्वविजेती जोडी रेगोत्सी आणि शालाय यांनाही त्यांनीच घडवलं होतं. सरावाचा मोठा भाग पश्चिम जर्मनीतल्या ओबर्स्टडॉर्फला व्हायचा.

1981 पासून दर वर्षी जागतिक विजेतेपद या दोघांकडेच. म्हणजे सारायेव्होला जाताना जिंकायचं कसं हा प्रश्न फारसा नव्हता. प्रश्न होता, आता करायचं काय.

आइस डान्स हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आला 1976 मध्ये. पहिली दोन्ही सुवर्णपदकं सोव्हिएत जोड्यांची. हा प्रकार आणि जोडीने करायचं दुसरं स्केटिंग, ज्याला पेअर्स म्हणतात, यांत नवख्या प्रेक्षकाची हमखास गल्लत होते. पेअर्समध्ये पुरुष जोडीदारणीला डोक्यावर उचलतो, फेकतो, दोघं उड्या मारतात. आइस डान्समध्ये हे चालत नाही. लिफ्ट खालच्या पातळीवरच्या, गरगर उड्या नाहीत, फार वेळ एकमेकांपासून लांब जायचं नाही. मूळ बैठक बॉलरूम नृत्याची. थोडक्यात, टाळ्यांची खात्रीची सगळी हत्यारं नियमांनी आधीच काढून घेतलेली. उरतं ते पाय, स्केटच्या पात्याची धार, शरीराचा कल आणि दोन माणसांमधलं अंतर.

त्या काळी फ्री डान्स, म्हणजे शेवटची मोकळ्या रचनेची फेरी, बसवायची एक ठरीव पद्धत होती. चार मिनिटांत तीन-चार वेगवेगळे संगीताचे तुकडे जोडायचे. एक जलद, एक संथ, मग एखादा लॅटिन ढंगाचा, शेवटी पुन्हा जलद. म्हणजे परीक्षकांना ‘आम्हाला सगळ्या लयी येतात’ हे दाखवून झालं. गॅदरिंगला एकाच नाचात लावणी, कोळीगीत आणि शेवटी वंदे मातरम् घालतात, साधारण तोच मामला. त्यात वाईट काही नाही, पण प्रत्येक तुकड्याशी नाच नव्याने सुरू होतो आणि आधी कमावलेलं वाहून जातं.

टॉर्विल-डीननी ही पद्धत टप्प्याटप्प्याने सोडली. 1982 मध्ये ‘मॅक अँड मेबल’ या संगीतिकेचं ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीचं वाद्यसंगीत, घेतलं. चाली बदलत होत्या, पण सगळ्या एकाच नाटकातल्या, एकाच जगातल्या. 1983 मध्ये ‘बार्नम’, सर्कशीवरची संगीतिका. तिच्यासाठी लंडनमध्ये बार्नमची भूमिका करणारा नट मायकल क्रॉफर्ड स्वतः त्यांना अभिनय शिकवायला आला आणि पुढेही त्यांच्याबरोबर राहिला. सारायेव्होला तो कॅलवेबाईंच्या शेजारी रिंकच्या कडेला बसलेला दिसतो. 1982 ला एक जग झालं, 1983 ला एक गोष्ट झाली. आता पुढची पायरी उघड होती, पण तिच्यावर पाय ठेवायचं धाडस व्हायला हवं होतं: एकच संगीत, एकच लय, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

उलटा लेहरा

‘बोलेरो’ ऐकलं नसेल त्याला कसं सांगावं? रॅव्हेलने ते 1928 मध्ये इडा रुबिनस्टाइन या नर्तकीसाठी लिहिलं, म्हणजे ते मुळात नाचासाठीच जन्माला आलं. तीन मात्रांचा ठेका, त्याच्या दोन आवर्तनांची एक आकृती, आणि ती आकृती साइड ड्रमवर पहिल्यापासून शेवटपर्यंत तशीच चालू राहते. वर दोन चाली आळीपाळीने येतात. आधी बासरी, मग क्लॅरिनेट, मग एकेक वाद्य वाढत जातं आणि शेवटी अख्खा ऑर्केस्ट्रा तुटून पडतो.

तबल्याच्या सोलोत लेहरा असतो. हार्मोनियमवर एकच ओळ फिरत राहते आणि तबलजी तिच्या अंगावर हवे ते खेळ करतो. सूर स्थिर, ताल मोकळा. रॅव्हेलने हे उलटं केलंय. इथे तालवाल्याच्या नशिबी लेहरा आलाय आणि मजा सगळी सुरांकडे. त्या ड्रमवाल्याची मला दर वेळी दया येते. पंधरा-सतरा मिनिटं तेच ते, आणि हात जरा जड पडला की सगळं ओम फस.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपल्या कानांना चढत्या संगीतात लय वाढण्याची सवय आहे. विलंबित, मध्य, द्रुत, मग झाला. ‘बोलेरो’त लय वाढत नाही. आवाज वाढतो, रंग वाढतात, गर्दी वाढते, पण चाल तीच. रॅव्हेल याबद्दल फार कडक होता. 1930 मध्ये तोस्कानिनी या ऑर्केस्ट्रा-संचालकाने ते जलद वाजवलं म्हणून त्याच्याशी त्याची चांगलीच जुंपली होती.

आता हे नाच बसवणाऱ्याच्या जागी बसून बघा. हातात असं संगीत आहे की ज्यात वेग वाढवून टाळी घेता येत नाही. तुकडे बदलून प्रेक्षकाला जागं करता येत नाही. आणि लय संथ. आमच्याकडे म्हणतात, द्रुतात चूक पळून जाते, विलंबितात ती पाट मांडून बसते. बर्फावर तर जास्तच. संथ लयीत एका पायावर लांब वळण घेताना तोल जरा हलला की दिसतो. जलद पावलांत तो पुढच्या पावलाखाली झाकता येतो.

आणखी एक अडचण, वरून बारीक दिसणारी. ‘बोलेरो’तला ‘चांगला भाग’ उचलता येत नाही. बाकीच्या संगीतात चार मिनिटांची छान जागा सापडते. इथे सगळा अर्थ चढण्यात आहे. शेवटची चार मिनिटं घेतली तर नुसता गोंगाट, पहिली चार घेतली तर नुसती बासरी. म्हणजे चढण पूर्ण ठेवून तीच दुमडायची. त्यासाठी संगीत नव्याने बांधून घ्यावं लागलं. आणि बांधणाऱ्याने सांगितलं की कितीही आवळलं तरी 4 मिनिटं 28 सेकंदांच्या खाली येत नाही.

नियम होता 4 मिनिटं, फार तर दहा सेकंद इकडे-तिकडे. 4 मिनिटं 10 सेकंद ही शेवटची हद्द. जादा राहिले अठरा सेकंद.

नियमाचं पुस्तक

इथे तीन वाटा होत्या. संगीत बदलायचं. चढण मोडून अठरा सेकंद कापायची. किंवा गुणांची कपात सोसायची. त्यांनी चौथी शोधली. नियमांचं पुस्तक काढून नीट वाचलं. त्यात वेळ मोजायला सुरुवात होते ती स्केटिंग सुरू झाल्यापासून. संगीत सुरू झाल्यापासून नाही. म्हणजे पात्यांनी बर्फावर काम सुरू केलं नाही, तर घड्याळ सुरू होत नाही.

म्हणून गुडघे.

हे कळल्यावर काहींचा हिरमोड होतो. ‘अरे, म्हणजे ती नुसती पळवाट होती?’ होती की. पण पळवाट काढणं सोपं, ती पळवाट आहे हे कुणाला कळू न देणं अवघड. अठरा सेकंद ढकलायचे एवढंच असतं तर दोघांनी हात वर करून पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि डोकी हलवायची. स्पर्धांमध्ये असे वेळकाढू आरंभ ढिगाने बघायला मिळतात. इथे काय झालं ते मला समजायला वेळ लागला, कारण त्यासाठी बर्फाचा स्वभाव कळायला हवा.

जमिनीवर नाचणाऱ्याला हलण्यासाठी काहीतरी करावं लागतं. थांबणं फुकट आहे. बर्फावर उलटा कारभार. एकदा ढकल दिली की शरीर आपोआप वाहत राहतं, आणि थांबायचं असेल तर कष्ट पडतात. स्केटिंगमध्ये मुद्रा सुद्धा प्रवास करते. हात पसरून स्तब्ध उभा असलेला माणूस पंधरा मीटर पुढे गेलेला असतो. या वाहण्याची आपल्याला इतकी पटकन सवय होते की दहा सेकंदांत ते दिसेनासं होतं, पंख्याचा आवाज ऐकू येईनासा होतो तसं.

टॉर्विल-डीननी पहिली अठरा सेकंदं ते वाहणंच काढून घेतलं. गुडघे बर्फाला खिळलेले, वरची शरीरं अस्वस्थ. वारा सुटलाय पण झाडाची मुळं जमिनीत आहेत, असं काहीतरी. ती डोलते तेव्हा तो तिच्या उलट कलतो, मग दोघं एकाच बाजूला. ठेका ऐकू येतोय, लय ठरली आहे, पण पाय अजून त्या लयीत आलेले नाहीत. आणि मग ते उठतात, पातं बर्फाला लागतं आणि पहिली सरक होते. त्या क्षणी, अख्ख्या संध्याकाळी जे प्रत्येक जोडीने केलंय ते, म्हणजे नुसतं सरकणं, नवीन वाटतं. अठरा सेकंद उपाशी ठेवल्यावर भाकरीची चव कळावी तसं.

अडचण मिटवली, एवढंच म्हणून इथे भागत नाही. अडचणीतून कार्यक्रमाचा मूळ विचार निघाला: जे धरून ठेवलंय ते हळूहळू सोडायचं. ‘बोलेरो’चा विचार तोच आहे. संगीत स्वतःला आवरत आवरत वाढतं. गुडघ्यांवरची सुरुवात नसती तर नाच संगीताच्या वर चढवलेला राहिला असता. तिच्यामुळे तो संगीताच्या आत गेला.

ज्वालामुखी कुठे दिसतो?

कार्यक्रमाची कथा अशी सांगतात: दोन प्रेमी, एकत्र राहणं शक्य नाही, म्हणून ते ज्वालामुखीचा डोंगर चढून जातात आणि शेवटी त्यात उडी घेतात. ती त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. मी हा व्हिडिओ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ती ठाऊक नव्हती, आणि खरं सांगायचं तर ज्वालामुखी मला कुठेही दिसला नाही. डोंगरही दिसला नाही. दोन माणसं एकमेकांत अडकलेली आहेत आणि अडकणं वाढत चाललंय, एवढं दिसलं. तेवढं पुरलं.

मला वाटतं कथा प्रेक्षकासाठी नव्हतीच. ती बसवणाऱ्यासाठी होती. डीन हा या जोडीतला मुख्य रचनाकार, आणि रचनाकारापुढे दर मिनिटाला पन्नास छान गोष्टी सुचलेल्या पडलेल्या असतात. त्यांतली कुठली ठेवायची? चढणाऱ्या माणसाला शोभेल ती. खेळकर पावलं, गोड गिरक्या, प्रेक्षकांकडे बघून हसणं, सगळं आपोआप बाद. कथा ही त्याची चाळणी होती. आमच्या क्लासमध्येही अभिनयाच्या तुकड्यात गुरू शिष्येला कानात एखादी गोष्ट सांगतात, ती प्रेक्षकांना कधीच कळत नाही, पण शिष्येची मान बरोबर तेवढीच वळते.

हे तपासायची माझी एक पद्धत आहे. व्हिडिओ आवाज बंद करून बघायचा. बहुतेक कार्यक्रम असे पाहिले की ते कामांची यादी होऊन जातात: हे वळण, ही लिफ्ट, ही गिरकी, मग जागा बदलण्यासाठी चार ढकला, पुन्हा वळण. ‘बोलेरो’ आवाजाशिवायही चढतं. सुरुवातीला दोघांची शरीरं जवळ आणि हालचाल आखूड. पुढे धार खोल होत जाते, शरीर बर्फाकडे जास्त कलतं, ती त्याच्या आधाराने मागे झुकते तेव्हा तिचा तोल पूर्ण त्याच्या हातात असतो. लिफ्ट येतात, पण त्या ‘आता लिफ्ट’ अशी पाटी घेऊन येत नाहीत. ती सरकता सरकता त्याच्या अंगावरून जाते आणि पलीकडे पुन्हा बर्फावर उतरते, आणि पकड कधी बदलली ते बघायला व्हिडिओ मागे न्यावा लागतो. पकड बदलणं ही जोडीच्या नाचातली शिवण. कपडा किती चांगला शिवलाय ते उलटा करून बघतात.

कपड्यांचंही असंच. जांभळा रंग गडद ते फिकट उतरत गेलेला, सैल आणि हलका. ते काम कोर्टनी जोन्सचं, जो स्वतः आइस डान्सचा माजी विश्वविजेता होता. टिकल्या-झालरींचा तो जमाना, आणि इथे दोघांच्या अंगावर एकाच रंगाचे दोन प्रवाह. दोघं जवळ आली की कोणती बाही कुणाची ते कळत नाही. एकमेकांत अडकण्याचं निम्मं काम कापडाने केलंय, आणि ज्याने ते बेतलं त्याला बर्फावरचा वारा ठाऊक होता.

एक उणं काढायचंच झालं तर मी शेवटाचं काढीन. संगीत कोसळतं आणि दोघंही बर्फावर कोसळतात. टाळ्या घेणारा शेवट आहे, संगीताला धरूनही आहे. पण आधीच्या चार मिनिटांत जे इतकं आवरून धरलं होतं, ते शेवटच्या दोन सेकंदांत जरा जास्तच सांगून टाकलं असं मला वाटतं. माझी बायको म्हणते, तुम्हा तबलजींना तिहाई (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं) सोडून कुठलाच शेवट पटत नाही. असेल.

गुण

नऊ परीक्षक, प्रत्येकाचे दोन गुण, एक तंत्राचा आणि एक कलात्मक परिणामाचा. सर्वोच्च गुण 6.0. अठरापैकी बारा गुण 6.0 आले आणि उरलेले सहा 5.9. कलात्मक परिणामासाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी 6.0 दिले. प्रेक्षकांनी फुलं फेकून बर्फ भरून टाकला, व्हॅलेंटाइन डे होता त्यामुळे फुलांची टंचाई नसावी. रौप्य बेस्तेम्यानोव्हा-बुकिन आणि कांस्य क्लिमोव्हा-पोनोमारेन्को या सोव्हिएत जोड्यांना मिळालं. महिन्याभराने ओटावाला चौथं जागतिक विजेतेपद घेऊन टॉर्विल-डीन व्यावसायिक झाले.

त्याच स्पर्धेतला त्यांचा दुसरा नाच फारसा कुणी आठवत नाही, आणि तो विसरणं चूक आहे. आधीच्या फेरीत पासो दोब्ले करायचा होता. हा नाच म्हणजे बैलझुंजीचा आविर्भाव. रिम्स्की-कोर्साकोव्हच्या संगीतावर डीन झाला झुंजणारा, आणि टॉर्विल झाली त्याच्या हातातलं कापड. बाई नाही, कापड. तिचं अंग फडकतं, ओढलं जातं, झटकलं जातं. ‘बोलेरो’च्या आधी हा बघितला की कळतं, या माणसांकडे एकच युक्ती नव्हती. प्रत्येक संगीतासाठी ते नवा प्रश्न शोधत होते.

तेच दोघं, दहा वर्षांनी

हे प्रकरण इथे संपवलं तर फार गोड होईल. 1994 मध्ये व्यावसायिकांना परत येण्याची मुभा मिळाली आणि टॉर्विल-डीन लिलेहामरला उतरले. मधल्या काळात नियमांचा कल पुन्हा बॉलरूमकडे गेला होता. ‘बोलेरो’नंतर नाट्याची जी लाट आली होती ती आवरायची होती. या लाटेत डीनचाही हात होता. दुशेने या भावंडांच्या जोडीसाठी त्याने ‘मिसिंग’ बसवलं होतं, लॅटिन अमेरिकेत हुकूमशाहीच्या काळात नाहीशा झालेल्या माणसांवर.

1994 ला त्यांनी फ्रेड अस्टेअर-जिंजर रॉजर्स या जुन्या हॉलिवूडच्या नाचणाऱ्या जोडीच्या वळणाचा नाच घेतला, ‘लेट्स फेस द म्युझिक अँड डान्स’. कोपनहेगनची युरोपीय स्पर्धा ते जिंकले, पण निसटते. घाबरून म्हणा किंवा हिशोब करून म्हणा, ऑलिंपिकच्या आधी त्यांनी नाचाचा बराच भाग बदलला. लिलेहामरच्या प्रेक्षकांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं. परीक्षकांनी तिसरं स्थान दिलं. शेवटाकडची एक लिफ्ट नियमात बसते की नाही यावर वाद झाला तो वेगळाच.

कोण बरोबर यावर इंग्लंडमध्ये अजून भांडणं होत असतील. मला दोन कार्यक्रमांतला फरक असा दिसतो. 1984 मध्ये त्यांनी नियम वाचला तो स्वतःला हवं ते करता यावं म्हणून. 1994 मध्ये नियम वाचला तो परीक्षकांना काय हवंय हे ओळखावं म्हणून. दोन्ही वेळा पुस्तक तेच, वाचणारी माणसं तीच. दुसरा नाच सुरेख आहे, हसतखेळत आहे, पण त्यातले कुठलेही वीस सेकंद काढून तिथे दुसरे वीस सेकंद घाला, फारसं बिघडणार नाही. ‘बोलेरो’त असं करून बघा. दुसऱ्या मिनिटातले वीस सेकंद काढलेत तर तिसऱ्या मिनिटातला कल खोटा वाटायला लागतो, कारण तो तिथपर्यंत चढून आलेला नसतो.

आजच्या स्पर्धेत ‘बोलेरो’ उतरलं तर? 6.0 ची पद्धत 2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधल्या परीक्षणाच्या घोटाळ्यानंतर मोडीत निघाली. आता प्रत्येक कामाला ठरलेली किंमत असते, तिच्यात परीक्षक अधिक-उणे करतात, आणि शिवाय रचना, सादरीकरण, स्केटिंगचं कौशल्य असे तीन गुण असतात. फ्री डान्समध्ये ठरावीक लिफ्ट, जलद गिरक्या, ठरावीक नमुन्याची पावलं असावीच लागतात. ती या कार्यक्रमात त्या रूपात नाहीत, म्हणजे तो रद्दीत जाईल. त्याहून गंमत म्हणजे गुडघ्यांचा सगळा डावच बाद. आता वेळ मोजतात ती स्केटर हलायला लागल्यापासून. मान वळवली की घड्याळ चालू. यावरून ‘जुनं ते सोनं’ म्हणायची मला घाई नाही. आजच्या जोड्यांचे पाय 1984 च्या जोड्यांपेक्षा कितीतरी अवघड काम करतात. सोची 2014 ला इटलीच्या कॅरोलिना कॉस्टनरने याच ‘बोलेरो’वर एकटीने कांस्य मिळवलं, उड्या आणि गिरक्या सगळं सांभाळून, आणि तेही संथ, आवरलेलं काम होतं. म्हणजे नव्या चौकटीतही चढण बसवता येते. फक्त चौकटीच्या भिंती आता वेगळ्या जागी आहेत, पळवाटही वेगळीच शोधावी लागेल.

झेत्रा

ते स्टेडियम 1992 नंतरच्या बोस्नियातल्या युद्धात बॉम्बगोळ्यांनी उद्ध्वस्त झालं. तळघरात प्रेतं ठेवली जात. प्रेक्षागृहातल्या लाकडी खुर्च्यांच्या फळ्या शवपेट्यांना वापरल्या. बाहेरच्या मैदानात दफनभूमी झाली. 1999 पर्यंत ते पुन्हा बांधलं गेलं.

फेब्रुवारी 2014 मध्ये, तीस वर्षांनी, टॉर्विल आणि डीन तिथे परत गेले आणि ‘बोलेरो’ केलं. ती 56 वर्षांची, तो 55 चा. ही स्पर्धा नव्हती. परीक्षक नव्हते, चार मिनिटं दहा सेकंदांची हद्द नव्हती, घड्याळ लावून कुणीही बसलेलं नव्हतं. पहिल्या ठेक्यापासून उभं राहून सरकायला लागले असते तरी कुणी हरकत घेतली नसती.

ते गुडघ्यांवर बसले.